अजून एक रॉड

बोअरच्या मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला सगळं गाव एकच प्रश्न विचारतं. "मिस्तरी, लागंल का?" पाणी लागेल का, असा पूर्ण प्रश्न विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. आणि मिस्तरीनं उत्तरही एकच द्यायचं असतं. "लागेल." खडक कितीही काळा असो, शेजारच्या गावातल्या बोअर कोरड्या गेलेल्या असोत, तरी "लागेल". माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं. मशीन कसं चालवायचं ते दुसऱ्या दिवशी.

याच कामात माझी सगळी हयात गेली. उजवा कान काँप्रेसरनं खाल्ला, डावा अर्धामुर्धा ठेवला. आता घरात मी एकटाच असतो. बहिऱ्या माणसाला एकटं राहण्याचा एक फायदा असतो. कुणी हाक मारली आणि आपण ओ दिली नाही, असं कधी होत नाही.

दुष्काळाच्या आठवणी लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. त्या माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की लोकांना भेगा पडलेली जमीन आठवते आणि मला एक गप्प उभं राहिलेलं गाव आठवतं. तेव्हा लिहायचंच तर त्याबद्दल लिहितो. आधी धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

तोवर आपल्याकडे विहीर म्हणजे सुरुंग, पहार, टोपली आणि वर्षभराची मेहनत. त्या दुष्काळाच्या सुमारास ट्रकवर बसवलेली मशीनं नगर जिल्ह्यात आली. नागापूरला नुकते कारखाने उभे राहत होते, तिथंच आमचं वर्कशॉप होतं. मशीनचा सगळा खेळ हवेचा. मागं काँप्रेसर धडधडत असतो, तो नळीतून हवा खाली ढकलतो. त्या हवेच्या जोरावर खाली नारळाएवढा हातोडा खडकावर नाचतो, खडकाचं पीठ होतं आणि तीच हवा ते पीठ वर उडवते. हातोड्याच्या वर लोखंडी रॉड. एक रॉड दहा फुटी. एक खाली गेला की वर दुसरा जोडायचा. ऑफिसचा नियम होता, दोनशे फूट जायचं. त्यानंतरही काँप्रेसरचा दम टिकला तर आणखी चारदोन रॉड घालता येतात, पण ते मिस्तरीच्या मर्जीवर.

पाणी कळतं ते पिठावरून. ते वर उडतं तेव्हा मिस्तरी त्यात हात धरून उभा असतो. कोरडं पीठ हातावर बसतं आणि फुंकलं की उडतं. ओल लागली की त्याचे खडे होतात. आमच्या काळ्या खडकात मधे मधे तांबडा पट्टा येतो आणि त्याच्या आसपास पाणी असतं. निदान आम्ही तसं ठामपणानं सांगायचो.

पाणी लागलं तर मिस्तरीला काही बोलावं लागत नाही, गावच ओरडतं. नाही लागलं तरी बोलायचं नसतं. "कोरडी गेली" हे शब्द मिस्तरी तोंडातून काढत नाही. तो काँप्रेसर बंद करतो. दिवसभर कानठळ्या बसवणारा आवाज एकदम थांबला की लोकांना कळतं. आणि त्या क्षणी कुणीतरी पुढं येतोच. "मिस्तरी, आजून एक रॉड." एकच रॉड. प्रत्येक गावात. मी कधी घालायचो, बऱ्याचदा नाही. कारण एक घातला की आणखी एक मागतात, आणि पुढचं गाव वाट पाहत असतं. जिथं हातोड्याचा आवाज घट्ट, एकसुरी येतो तिथं खाली काही नाही हे आम्हांला कळतं. थांबायचं कुठं हे ज्याला कळतं तो मिस्तरी, हेही वस्तादाचंच वाक्य.

माणसं नाना तऱ्हेची भेटत. एका गावच्या पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा धरून सगळं शिवार पालथं घातलं. नारळ उभा राहिला तो बरोबर त्याच्या मेव्हण्याच्या दारापुढं. गाव चिडलं, पण नारळाशी वाद कोण घालणार? तिथं खणलं आणि लागलं हो पाणी! तेव्हापासून पाणाड्यांना मी हसत नाही. मेव्हण्यांना हसतो.

मी ख्रिस्ती. रविवारी मंडळीत प्रार्थनेला आणि सोमवारी मशीनपुढं नारळ. आमच्या पाळकसाहेबांच्या कानावर ते गेलं. "शमुवेल, नारळ फोडतोस म्हणे." मी म्हणालो, "मी नाही, गाव फोडतं. मी फक्त खोबरं खातो." पाळकसाहेब हसले आणि विषय संपला.

पण नारळापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हातगुण. दाईला असतो, वैद्याला असतो, तसा मिस्तरीलाही हातगुण असतो असं लोक मानत. ज्याच्या हाताला यश तो मिस्तरी पाठवा, असा तालुक्याहून निरोप यायचा. आमच्यातल्या एकाचे वडील वारले. तो बिचारा चार दिवसांत कामावर हजर झाला, तर पाथर्डीकडच्या एका गावानं त्याला मशीनला हात लावू दिला नाही. "घरात दुःख हाय, हाताला पानी कसं लागंल?" राग नव्हता त्यांचा. चहा पाजून परत पाठवलं.

म्हणून, माझ्या घरी दुःख आलं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

माझी बायको सुलोचना केडगावच्या शाळेत शिक्षिका होती. अंगानं बारीक, आवाज मात्र माझ्या काँप्रेसरला भारी. लग्नाला काही वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्या हिवाळ्यात तिला सकाळी उठलं की उलट्या व्हायला लागल्या. शेजारच्या बायकांनी परस्पर निकाल लावून टाकला. एकीनं लिंबाचं लोणचं पाठवलं, दुसरीनं जड उचलू नको म्हणून दम दिला. मी पंधरवड्यानं घरी आलो तर गल्लीतली माणसं माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. मीही हसलो. दोन दिवस मी फार सुखात होतो, हे सांगायला आज लाज वाटत नाही.

पण तिचं डोकं दुखायचं. कपाळाला फडकं बांधून ती शाळेत जायची. मग एक दिवस हजेरी घेताना तिनं डाव्या रांगेतल्या चारपाच पोरांना गैरहजर मांडलं. पोरं उभी राहून ओरडली, "बाई, मी आलोय! बाई, मी पण!" तिनं मान वळवली तेव्हा ती दिसली. त्या संध्याकाळी तिनं ही गोष्ट मला हसून सांगितली. "अहो, डावीकडचं मला दिसतच नाही बहुतेक," ती म्हणाली.

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात दिवा धरून बराच वेळ पाहिलं. चष्म्याचा नंबर काही दिला नाही. म्हणाले, डोळे ठीक आहेत, डोळ्यांच्या मागं सूज आहे, डोक्यात दाब वाढलाय, मुंबईला न्या, उशीर करू नका. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ते नव्हतंच." काय ते मला विचारावं लागलं नाही. "मला पण वाटलं होतं थोडं," एवढंच ती पुढं बोलली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तेव्हा आताच्यासारखी चित्रं काढणारी यंत्रं नव्हती. मणक्यातून सुई घालून डोक्यात हवा सोडायची आणि एक्सरे काढायचा. हवा कुठं अडते त्यावरून गाठ कुठं आहे ते ओळखायचं. त्या तपासणीनंतर सुलोचनाचं डोकं असं काही दुखलं की उशीवर मान हलवता येईना. तशातही डोळे मिटून मला म्हणते, "काय हो, हवेनं पाणी शोधतात ते तुमचेच भाऊबंद वाटतं इथं."

डॉक्टर मध्यम वयाचे होते, हळू बोलणारे. मेंदूच्या वेष्टणाला धरून मागच्या बाजूला गाठ आहे, सावकाश वाढणारी आहे, वाईट जातीची दिसत नाही, पण काढावी लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. कवटीला भोकं पाडायची, ती भोकं जोडून हाडाचा तुकडा उचलायचा आणि आत जायचं. मला त्यांनी कामधंदा विचारला. मी सांगितला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मग तुम्हांला जास्त समजवायला नको," ते म्हणाले.

मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारताना मला माझाच आवाज ओळखू येईना. गावागावांतून हजारदा ऐकलेला तोच सूर माझ्या गळ्यात आला होता. "डॉक्टरसाहेब, बरी होईल ना?"

"होईल," ते म्हणाले. ते उत्तर कसं देतात हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी त्या शब्दाला लटकलो.

ऑपरेशनला वेळ होता. आधी औषधांनी सूज उतरवायची, मग नंबर लागणार. तिची थोरली बहीण शांताताई सोबत राहायला आली. मी सुट्टी वाढवायची म्हणत होतो, तर सुलोचनाच उखडली.

"इथं बसून माझं डोकं तुम्ही खणणार आहात का? तिकडं बायका हंडे घेऊन मैलमैल चालताहेत. जा तुम्ही. इथले मिस्तरी चांगले आहेत."

"आणि तुला काही..."

"लागेल, म्हणा."

"काय?"

"गावाला म्हणता ना, लागेल म्हणून? तसं मला म्हणा, आणि जा."

मी म्हणालो. आणि गेलो.

त्यानंतरच्या आठवड्यांइतका एकटा मी आयुष्यात नव्हतो. खरं तर मिस्तरी कधी एकटा नसतोच. सकाळपासून दीडदोनशे माणसं भोवती कडं करून बसलेली असतात, पोरं झाडावर, म्हातारी माणसं सावलीला. सगळ्यांचे डोळे आपल्या हाताकडे. पण त्या आवाजात कुणी कुणाशी बोलू शकत नाही. आणि आवाज थांबल्यावर मी बोलू शकत नव्हतो, कारण हातगुण. माझ्या काँप्रेसरवर तुकाराम होता, माझ्याहून मोठा, भला माणूस. त्याला घरचं माहीत होतं. जेवताना तो आपली भाकर माझ्याकडे सरकवायचा आणि काही विचारायचा नाही. मी चेहरा हसरा ठेवायचो. पाटलांशी थट्टा, पोरांना पिठाची मिशी लावणं, "लागेल, लागेल". संध्याकाळी तंबूत येऊन बसलो की गाल दुखायचे.

आणि मनात एक वेडेपणा सुरू झाला होता. बोअरला पाणी लागलं की वाटायचं, सुलोचनाचं बरं होणार. कोरडी गेली की जेवण जायचं नाही. मी शिकलेला नसलो तरी येडा नव्हतो. शेवगावच्या काळ्या खडकाचा आणि माझ्या बायकोच्या डोक्याचा संबंध नाही, हे मला कळत होतं. पण कळून काय होतं? पिठात हात धरला की मी मनात तिचंच नाव घ्यायचो.

अशात आम्ही शेवगावच्या पूर्वेला, मराठवाड्याच्या शिवेजवळच्या एका गावी पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. विहिरींना तळ दिसत होता, गुरं छावणीला गेली होती, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पाण्याचा टँकर यायचा तो दोन दिवसांआड, आणि तोही आलाच तर. नारळ फुटला. ठकूआजी नावाची एक म्हातारी होती, गावात तिचा शब्द चाले. तिनं मशीनच्या चाकाला हळदकुंकू लावलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मिस्तरी, लागंल का?"

"लागेल, आजी."

सकाळी सुरुवात केली. वरचा मुरूम संपून काळा खडक लागला होता, तेवढ्यात आमचा डिझेलचा ट्रक आला. ट्रकवर इस्माईलभाई. मशीनजवळ येऊन त्यानं मला बाजूला घेतलं आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "नगरहून साहेबानी सांगितलंय. मुंबईचा फोन आला हुता. उद्या सकाळी आपरेशन हाय. तुमी निघा."

मी म्हणालो, "असं कसं निघू? रॉड खाली आहेत."

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. अर्ध्यावर मशीन सोडून जाता येत नाही. थांबलं की वरचं पीठ आणि खडे खाली बसतात, रॉड अडकतात, मग मशीनही गेलं आणि बोअरही. दुसरा मिस्तरी यायला दोन दिवस. एकदा सुरू केलं की दोनशे फुटांपर्यंत जायचं, रॉड वर काढायचे आणि मगच हात धुवायचे. मी हिशेब केला. मशीन नीट चाललं तर दुपार कलताना संपेल, शेवगावहून नगरची शेवटची गाडी मिळेल, नगरहून पुणे, पुण्याहून मुंबई.

"भाई, गावात कुणाला बोलू नका," मी म्हणालो.

"तोबा तोबा! मी कशाला बोलू?" इस्माईलभाईनं गळ्याला चिमटा लावून शपथ घेतली आणि ट्रक सावलीला लावून बसून राहिला.

त्या दिवशी मी जेवलो नाही. एकेक रॉड खाली जात होता आणि हातावर कोरडं पीठ बसत होतं. शंभर फूट गेले. तांबडा पट्टा आला आणि कोरडाच गेला. दीडशे गेले. माणसं सकाळी बसली होती तशी बसून होती. मी सवयीनं मधूनच हात वर करून "लागेल" अशी खूण करत होतो. शेवटचा रॉड जोडला तेव्हा सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. हातोड्याचा आवाज अजून घट्ट होता, पण थोडा बदलल्यासारखा वाटला. खरंच बदलला होता की मला तो तसा ऐकायचा होता, कोण जाणे. दोनशे फूट झाले. हातावरचं पीठ मी फुंकलं. ते उडून गेलं.

मी तुकारामला खूण केली. काँप्रेसर बंद झाला.

आता कुणीतरी पुढं येणार. मी मान खाली घालून वाट बघत होतो. "आजून एक रॉड" म्हणतील, मी नाही म्हणेन, ते पाया पडतील, गाडी चुकेल. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो.

कुणी आलं नाही. मी वर पाहिलं. सगळं गाव उभं राहिलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. कुणी हललं नाही. सरपंच पायातल्या वहाणांकडे बघत होता. एका तरुण बाईनं तोंड उघडलं, तर शेजारणीनं तिचा हात दाबला. एवढी शांतता मी कुठल्याच गावात ऐकली नव्हती. मला वाटलं, ह्या गावाची आशाच मेली. मागायचंसुद्धा त्यांच्यात उरलं नाही. मला त्या माणसांची भयंकर दया आली.

रॉड वर काढायला गडी मदतीला आले, न बोलावता. बोअरच्या तोंडावर लोखंडी टोपण बसवून त्यावर मोठा धोंडा ठेवला. मी हातपाय धुतो न धुतो तोच इस्माईलभाईनं ट्रक आणून उभा केला. ठकूआजी पुढं आली आणि तिनं माझ्या हातात फडक्यात बांधलेली सुकडी ठेवली. दुष्काळी कामावर मजुरांना सरकारकडून मिळायचा तो भाजक्या पिठाचा खाऊ. "वाटंत खा," म्हणाली. कोरड्या बोअरबद्दल मिस्तरीला कधी कुणी शिदोरी देत नाही. मी घाईत होतो. कशाबद्दल, हे विचारायचं सुचलं नाही.

मुंबईला पोचलो तेव्हा सुलोचनाचे केस काढून झाले होते. लांब वेणी होती तिची. तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जागा साफ करून ठेवलीय. नारळ आणलात का?" मी सुकडी आणली होती. तिला खायला बंदी होती, म्हणून तिनं नुसता वास घेतला.

किती वेळ आत होती ते मी सांगत नाही. बाकावर बसून मी प्रार्थना केली. प्रार्थनेत मधेच हातोड्याचा आवाज यायचा. शांताताई ओठातल्या ओठात स्तोत्र म्हणत होती आणि मी माझा उजवा हात पसरून, पिठात धरतो तसा, मांडीवर ठेवून बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, माझ्याशेजारी बसले.

"गाठ काढली. एक तुकडा राहू दिला. मोठ्या शिरेला चिकटून होता. पुढं गेलो असतो तर ती हातची गेली असती."

मी काय बोललो, ठाऊक आहे? मी, ज्यानं शेकडो गावांना नाही म्हटलं होतं, तो मी हात जोडून म्हणालो, "साहेब, अजून थोडं. अजून थोडंसं जाता आलं असतं तर..."

ते रागावले नाहीत. "थांबावं लागतं हो," ते म्हणाले. "राहिलंय ते हळू वाढेल. बरीच वर्षं मिळतील." मग उठता उठता म्हणाले, "बरी होईल. आता मी खरं सांगतोय."

ती शुद्धीवर आली. डावीकडचं तिला कायमचं कमी दिसू लागलं, पण उजवीकडून ती अख्खं जग बघायची आणि मला उजव्या हाताला बसवायची.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस आमचं मशीन पुन्हा शेवगावकडे होतं. सुलोचनाची शाळा अजून सुरू झाली नव्हती. तिला मशीन बघायचं होतं. "माझ्या डोक्यात काय केलं ते मला बघायला मिळालं नाही, निदान तुमचं तरी बघते," असा तिचा हट्ट. इस्माईलभाईच्या ट्रकमधून ती आली. आणि नेमकं तेच गाव निघालं. वळवाचा पाऊस थोडाफार झाला होता, तरी पाण्याचे हाल होतेच. दुसऱ्या टोकाला नवीन जागा बघायला आम्हांला बोलावलं होतं.

मी मशीन लावत होतो. सुलोचना लिंबाखाली बसली. डोक्यावर पदर, आत बोटभर वाढलेले केस. आम्हां ख्रिस्ती लोकांत कुंकू नाही, गळ्यातही काही ठळक नव्हतं. पदर वाऱ्यानं सरकला आणि ठकूआजीनं ते डोकं पाहिलं. ती हळूच शेजारी जाऊन टेकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"कवा गेलं गं मालक, बाई? लई कवळं वय हाय तुजं."

सुलोचना क्षणभर बघत राहिली. मग तोंड सरळ ठेवून माझ्याकडे बोट केलं. "ते काय, मशीनवर उभे आहेत. जायचं काही लक्षण दिसत नाही."

आजीनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि एकदम कपाळावर हात मारला. "अगं माझे बये! मंजी मिस्तरीची डोक्याची बायको ती तूच व्हय! जगलीस गं, जगलीस!" आणि तिनं सुलोचनाचं डोकं दोन्ही हातांत धरून कडाकडा बोटं मोडली.

मी मशीन सोडून तिथं गेलो. "आजी, तुम्हांला कुणी सांगितलं हिच्या डोक्याचं?"

"आता कुनी काय? त्या इस्मायलानं. सकाळच्याला चावडीपुढं गाडी थांबवून इचारलं, मिस्तरी कुटं हाय, त्याच्या बायकोचं डोकं फोडनार हायती मुंबैला."

इस्माईलभाई ट्रकच्या टायरकडे फार बारकाईनं बघायला लागला.

"म्हणजे दिवसभर सगळ्या गावाला माहीत होतं?"

"व्हय तर. सरपंचानं समद्यास्नी सांगितलं, मिस्तरी बोलत न्हाई तर आपून बी बोलायचं न्हाई. त्याला शेवटची गाडी गाठायची हाय. आज कुनी रॉड मागायचा न्हाई." आजी सहज बोलत होती. "माझी सून मागनार हुती, तिचं पोर पान्यावाचून तळमळत हुतं. पन शेजारच्या मंगलीनं तिचा हात दाबला. मी म्हनलं, पानी काय, आज न्हाई तर उद्या टँकर यील. जायाचं असलेल्या मानसाला आडवू न्हाई."

सुलोचनानं माझा हात धरला, उजव्या बाजूनं. मी रडलो. लोकांच्या देखत, मशीनपुढं, मिस्तरी असून.

नवीन जागा राहू द्या म्हणालो. जुन्या बोअरवरचा धोंडा काढला, टोपण उघडलं आणि दोनशे फूट रॉड पुन्हा खाली सोडले. मग त्या दिवशी राहिलेला रॉड जोडला. कोरडा गेला. कुणी काही मागत नव्हतं. मी दुसरा जोडला. सुलोचना येऊन शेजारी उभी राहिली. मी पिठात हात धरला होता आणि तिच्या कानाशी ओरडून विचारलं, "लागेल का?"

"लागेल!" तिचा आवाज काँप्रेसरवर चढला.

लागलं. फार नाही, हातपंपापुरतं. पण गाव असं ओरडलं की माझ्या उरल्यासुरल्या कानालाही ऐकू आलं.

डॉक्टरांनी सांगितली त्याहून अधिक वर्षं आम्हांला मिळाली. ती पुन्हा शाळेत गेली, डावी रांग स्वतःपुढं उजवीकडे बसवून शिकवत राहिली आणि निवृत्तही झाली. मग तो राहिलेला तुकडा जागा झाला. या वेळी दवाखाना पुण्याचा, डॉक्टर तरुण. पुन्हा उघडून बघता येईल म्हणाले, फारसं हाती लागेल असं वाटत नाही, पण तुमची इच्छा असेल तर.

सुलोचनाला तेव्हा उजवीकडचंही धूसर दिसत होतं. तिनं चाचपून माझा हात शोधला. "आपल्याला पुष्कळ पाणी लागलं, अहो," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. एकच वाक्य बोलायचं होतं, सगळ्या गावांनी मला शिकवलेलं. ते माझ्या जिभेवर आलं होतं.

मी तिचा हात दाबला आणि काही मागितलं नाही.